‘देशसेवेचे पैसे मोजायचे नसतात’, मग सार्जंटचे का मोजतात?

नमस्कार ताई,

आम्ही बरीच वर्षं सिंगापूरला आहोत. यजमान नोकरीसाठी आले, आधी पीआर म्हणजे कायमचे रहिवासी झालो, मग सगळ्यांनी नागरिकत्व घेतलं. मुलगा ज्युनियर कॉलेज संपवून एनएसला, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सक्तीच्या राष्ट्रीय सेवेला गेला. सुरुवातीचं ट्रेनिंग टेकाँग बेटावर झालं, आता तो इन्फन्ट्रीत थर्ड सार्जंट आहे. शुक्रवारी रात्री बुक-आउट करून घरी येतो, रविवारी रात्री परत जातो. मधल्या वेळात घरात एकच विषय असतो.

त्याच्या बंकमध्ये, म्हणजे बराकीतल्या खोलीत, त्याच्याच वयाचा, त्याच्याच हुद्द्याचा एक मुलगा आहे. त्याने साइन ऑन केलंय, म्हणजे तो पगारी सैनिक झालाय. दोघं एकाच पलटणीतल्या पोरांना पळवतात, एकाच चिखलात रात्र काढतात. त्याला पगार, याला भत्ता. आणि फरक थोडाथोडका नाही. यजमान म्हणतात, देशसेवेचे पैसे मोजायचे नसतात, शिवाय खाणं-राहणं फुकट आहे. मुलगा म्हणतो, मग त्याची देशसेवा नाही का? त्याचे का मोजून देतात? त्यावर यजमान ताटावरून उठले.

आता मुलगा म्हणतोय की मीही साइन ऑन करतो, निदान पगार तरी मिळेल. विद्यापीठातली त्याची जागा राखून ठेवलेली आहे. त्याची बहीण दोन वर्षांनी लहान, ती आणि तो आता एकाच वर्षी विद्यापीठात जाणार. ती त्याला गमतीने ‘बॅचमेट’ म्हणते, पण त्याला ती गंमत वाटत नाही. हा खरंच अन्याय आहे का? आणि असेल तर मी मुलाला काय सांगू?

– एक आई, सिंगापूर

*

ताई,

तुमच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाला यजमानांकडे उत्तर नव्हतं, म्हणून ते उठले. आधी एवढं कबूल करून टाकू, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल.

‘देशसेवेचे पैसे मोजायचे नसतात’ हे खरं असेल तर ते सगळ्यांना लागू हवं. कर्नलला, जनरलला, संरक्षण मंत्रालयात फाइल पुढे सरकवणाऱ्या बाबूलाही. प्रत्यक्षात हे वाक्य ऐकवलं जातं ते फक्त ज्याला ‘नाही’ म्हणायची सोय नाही त्याला. पगारी सैनिकाला कोणी हे सुनावत नाही, कारण तो उद्या राजीनाम्याचा विचार करू लागेल. तुमचा मुलगा राजीनामा देऊ शकत नाही, म्हणून त्याला तत्त्वज्ञान मिळतं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला ही विसंगती दिसली, ह्याचं खरं तर कौतुक वाटायला हवं. आणि ते ‘खाणं-राहणं फुकट’ तर घरात पुन्हा कोणी काढूच नये. आपल्या मर्जीने जिथे राहत नाही तिथलं राहणं फुकट आहे, हे ऐकून कोणाचं समाधान झालंय?

पण मुलाचा मुद्दा जितका बरोबर आहे, तितकंच त्याचं बोट चुकीच्या माणसाकडे आहे. बंकमधल्या त्या मित्राने त्याचं काहीही घेतलेलं नाही. ते कसं, ते जरा सविस्तर सांगते, कारण घरातलं निम्मं भांडण तिथेच सुटेल.

पगार ठरतो तो माणूस यावा आणि टिकावा यासाठी जेवढा द्यावा लागतो तेवढा. सैन्यातही तेच. साइन ऑन करणाऱ्या मुलापुढे दुसऱ्या नोकऱ्या असतात, विद्यापीठ असतं, काकांचा धंदा असतो. हे सगळं सोडून त्याने यायचं, तर सैन्याला तसा आकडा पुढे करावा लागतो. शिवाय त्याच्याकडून सैन्य जे विकत घेतं ते या दोन वर्षांपुरतं नसतं. तो काही वर्षांच्या करारावर सही करतो, सांगतील तिथे बदली घेतो. पुढे अधिकारी झाला तर पन्नाशीच्या आसपास निवृत्त होऊन, बरोबरीचे लोक ऐन भरात असताना नव्याने दुसरं काम शोधतो. त्याच्या पगारात या सगळ्याची किंमत मिसळलेली असते. आज तुमच्या मुलाला त्याचं काम आणि आपलं काम सारखं दिसतं, कारण आज ते सारखंच आहे. वेगळं आहे ते पुढचं, आणि ते बंकमध्ये बसून दिसत नाही.

सक्तीच्या सेवेत आलेल्या मुलाच्या भत्त्याचं गणित यातल्या कशावरच चालत नाही. तो यावा म्हणून काही द्यावं लागत नाही, कायदा त्याला आणतो. तो टिकावा म्हणूनही नाही, कारण तो जाणार कुठे? मग आकडा ठरतो तो अंगावरचा खर्च निघावा एवढ्या हिशेबाने. सिंगापूर सरकारने याबाबत लपवाछपवी केलेली नाही. हा पगार नव्हे, भत्ता आहे, असं मंत्री वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. नव्या रिक्रूटचा भत्ता जुलै 2023 मध्ये महिना 630 वरून 755 डॉलर झाला, जुलै 2025 मध्ये 790. तुमचा मुलगा सार्जंट आहे, शिवाय लढाऊ तुकडीत आहे, त्यामुळे त्याला याहून बरेच जास्त मिळत असणार. पण प्रकार तोच. त्यावर सीपीएफ, म्हणजे इथला भविष्यनिर्वाह निधी, नाही; मालकाचा म्हणून जो वाटा नोकरदाराच्या खात्यात पडतो, तोही दोन वर्षं नाही. तेव्हा मुलाला हे स्पष्ट सांगा की हा आकडा त्याच्या कामाची किंमत नाही. ती किंमत कोणी काढलेलीच नाही. ‘मला कमी लेखलं’ म्हणून जो सल त्याच्या मनात आहे, तो निदान थोडा हलका होईल.

थोडाच होईल, हेही मला माहीत आहे. कारण एकच हुद्दा, एकच काम आणि एकच रात्र, एवढ्यापुरतं पाहिलं तर दोघांच्या बँक खात्यांतला फरक कुठल्याही न्यायाने पटवता येत नाही, आणि मी तो पटवायला जाणारही नाही. मुलाला जे कमी मिळतं ते खरोखर कमी आहे. प्रश्न एवढाच की ते देणं कोणाकडे आहे.

याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला अमेरिकेतल्या एका सरकारी अहवालात सापडतं. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, सक्तीच्या भरतीवरून देश पेटलेला होता. 1969 मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी माजी संरक्षणमंत्री थॉमस गेट्स यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅलन ग्रीनस्पॅन हे अर्थतज्ज्ञ त्यात होते. फेब्रुवारी 1970 मध्ये अहवाल आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं की सक्तीची भरती हा एक कर आहे. तो पैशात न घेता अंगमेहनतीत घेतला जातो, म्हणून दिसत नाही. समजा एखादा तरुण बाहेर महिना 2,500 कमावू शकला असता आणि सैन्यात त्याला 1,000 मिळतात. तर उरलेले 1,500 त्याने दर महिन्याला सरकारजमा केले, असाच त्याचा अर्थ. कुठल्याही अर्थसंकल्पात हा आकडा छापला जात नाही. सैन्य स्वस्तात चाललंय असं सगळ्यांना वाटतं, आणि प्रत्यक्षात त्याचा खर्च देशातल्या सर्वांत तरुण, सर्वांत कमी कमावत्या लोकांनी उचललेला असतो. अमेरिकेने 1973 मध्ये सक्तीची भरती बंद केली, त्याला कारणं अनेक होती. पण हा हिशेब एकदा मांडला गेला, तो परत मिटवता आला नाही.

(जाता जाता: जे स्वस्त मिळतं ते उधळलं जातं, हेही त्याच हिशेबातून निघतं. तासन्‌तास रांगेत उभं राहणं, चकचकीत असलेलंच पुन्हा घासणं, कोणी तरी यायचंय म्हणून तीन तास आधी हजर राहणं. या तासांचे पूर्ण पैसे मोजावे लागले असते, तर यातलं किती उरलं असतं याचा अंदाज तुमचा मुलगाच जास्त चांगला देईल.)

तर कर भरतोय तुमचा मुलगा. त्याचा फायदा कोणाला? त्या पगारी सार्जंटला तर नाहीच. मुलाचा भत्ता उद्या दुप्पट झाला तर सार्जंटच्या खिशातून एक डॉलरही जाणार नाही. फायदा होतो तो बाकी सगळ्यांना, ज्यांना या सैन्याचा पूर्ण खर्च आपल्या करातून द्यावा लागत नाही. त्यात बहीण आली, शेजारच्या ब्लॉकमधले लोक आले, परदेशातून कामाला आलेले आले. आणि ताई, त्यात तुम्ही दोघंही आलात. यजमान ज्या वयात इथे आले, त्या वयात त्यांना कोणी एनएसला बोलावलं नाही. त्यांनी नागरिकत्व घेतलं आणि सगळे हक्क मिळवले, पण टेकाँगची फेरीबोट त्यांनी पाहिली असेल ती मुलाला सोडायला जातानाच. त्यांनी काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाही, नियम तसाच आहे. पण ज्याने हा कर कधी भरला नाही, त्याने भरणाऱ्याला ‘मोजू नकोस’ म्हणणं शोभत नाही. मुलाला राग आलाय तो बहुधा याचाच, सार्जंट फक्त समोर दिसतो.

हा कर दिसेल असा करता येतो का? येतो. स्वित्झर्लंड हे त्याचं सगळ्यात जुळलेलं उदाहरण. तिथेही पुरुषांना सेवा सक्तीची आहे. पण नोकरी करणारा माणूस सेवेवर गेला की त्याच्या कमाईच्या 80 टक्के भरपाई एका फंडातून मिळते, आणि त्या फंडात देशातले सगळे नोकरदार आणि त्यांचे मालक पगारातून वर्गणी भरतात. ज्या बाईला कधी बोलावणं येणार नाही, तिच्याही पगारातून ती जाते. शिवाय जो स्विस पुरुष सेवा करत नाही, त्याला उत्पन्नावर 3 टक्के वेगळा कर लागतो, वर्षाला किमान 400 फ्रँक. तिथला माणूस करावर कुरकुरतो, नाही असं नाही, पण आपण कशाचे पैसे देतोय हे त्याला पावतीवर वाचता येतं.

आता एक मजा सांगते, ती यजमानांनाही सांगा. हेच तत्त्व सिंगापूरनेही मान्य केलेलं आहे, फक्त दोन वर्षं उशिरा. तुमच्या मुलाची ओआरडी झाली, म्हणजे सक्तीची दोन वर्षं संपली, की तो राखीव दलात जाईल. दहा वर्षांचं चक्र असतं, वर्षाला जास्तीत जास्त 40 दिवस. त्या दिवसांत त्याची नोकरीतली जी कमाई बुडते, ती सरकार भरून देतं, ‘मेक-अप पे’ म्हणतात तिला. म्हणजे आज भत्त्यावर असलेला हाच मुलगा पाच-सात वर्षांनी त्याच जंगलात, तोच बोजा पाठीवर घेऊन चालेल तेव्हा त्याला बाहेरच्या नोकरीइतके पैसे मिळतील. तेव्हा एखाद्या मोठ्या बँकेत काम करणारा साधा कॉर्पोरल त्या दोन आठवड्यांत आपल्या पगारी कॅप्टनपेक्षा जास्त घेऊन जाऊ शकतो. मग त्या कॅप्टनने घरी जाऊन ताटावर काय बोलावं?

म्हणजे एकाच सैन्यात तीन मापं आहेत. पगारी सैनिकाला बाजारभावाने, राखीव सैनिकाला नुकसानभरपाईच्या हिशेबाने, आणि सक्तीच्या सेवेतल्या मुलाला गरजेपुरतं. ‘समान काम, समान दाम’ यातल्या कुठल्याच मापात नाही. तुमचा मुलगा चौथंच माप घेऊन बसलाय, आणि ते सैन्यात कोणालाच लावलं जात नाही.

मला विचाराल तर सक्तीने बोलावलेल्या माणसासाठी नुकसानभरपाईचं माप सगळ्यात न्याय्य. पण अठरा वर्षांच्या मुलाकडे दाखवायला पगाराची स्लिप नसते. त्याचं नुकसान होतं ते पुढे, दोन वर्षं उशिरा सुरू झालेल्या प्रत्येक गोष्टीत, आणि त्याची पावती कोणी फाडत नाही. अठराव्या वर्षी बोलावण्यात शरीराची ताकद हे कारण आहेच. पण या वयाच्या माणसाचं नुकसान कागदावर सिद्ध करता येत नाही, ही सोयसुद्धा मोठी आहे. निदान सगळ्यात साध्या नोकरीत त्याला जे मिळालं असतं तेवढं तरी द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दक्षिण कोरिया त्या दिशेने गेला. तिथे सक्तीच्या सेवेतल्या मुलाला शेवटच्या टप्प्यात सार्जंटचा हुद्दा मिळतो. त्याचा महिन्याचा पगार 2017 मध्ये 2 लाख 16 हजार वॉन होता. 2023 मध्ये तो 10 लाख झाला, 2025 मध्ये 15 लाख. आठ वर्षांत जवळपास सात पट. मुलं खूश झाली, आया खूश झाल्या. आणि नाराज कोण झालं? नवे पगारी हवालदार आणि कनिष्ठ अधिकारी. वर्षानुवर्षांचा करार करून आलो, जबाबदारी आमच्या डोक्यावर, आणि दीड वर्षात घरी जाणाऱ्या पोराच्या नि आमच्या पगारात आता फरक तो काय, असा त्यांचा सवाल. त्या जागांसाठी मुलं मिळणं अवघड होऊन बसलं. मग त्यांचे पगार वाढवण्याची वेळ आली.

ही दुसरी बाजू मुलाला मुद्दाम सांगा. त्या दोघांमधला फरक अगदी पुसून टाकला तर साइन ऑन करायला कोण येईल? आणि पगारी, मुरलेले सैनिक नसतील तर दर काही महिन्यांनी येणाऱ्या नव्या पोरांना शिकवणार कोण? फरक राहणारच, राहायलाही हवा. भत्ता वर आणायचा, तर पगारही वर सरकवावे लागतात. दोन्हीचं बिल शेवटी करदात्याकडे येतं. ते आलं की यजमानांची देशसेवेची व्याख्या तीच राहते का, हे बघायला मला आवडेल.

आता साइन ऑन करण्याबद्दल. पैशासाठी सैन्यात जाणं वाईट आहे असं मी म्हणणार नाही, लोक पैशासाठीच बँकेत जातात आणि कोणी त्यांना कमी लेखत नाही. पण तुमच्या मुलाला पैसे हवेत असं पत्रावरून वाटत नाही. त्याला हिशेब चुकता करायचाय. दोन वर्षं भत्त्यावर काढावी लागतात याचा राग म्हणून आणखी काही वर्षं लिहून देणं, हा घाट्याचा सौदा आहे. ओआरडी झाली की भत्ता आणि पगार हा प्रश्नच त्याच्यापुरता संपतो, करार मात्र सुरू राहतो.

त्याने बंकमधल्या मित्राला कधी विचारलंय का, की तू सही का केलीस? मला वाटतं नसेल विचारलं. उत्तर काहीही असू शकतं. घरची ओढाताण असेल, अभ्यासाचा कंटाळा असेल, किंवा खरंच त्या कामाची आवड. त्या उत्तरातलं किती आपल्यालाही लागू पडतं हे तुमच्या मुलाला लगेच कळेल. आणि मित्राशी बोलणं सुरू झालं, तर त्याच्याविषयी मनात धरलेला विनाकारणचा आकसही जाईल. एका पलटणीचे दोन सार्जंट एकमेकांवर डूख धरून असले तर त्रास खालच्या पोरांना होतो.

उलट, पोरांना शिकवण्यात, त्यांच्याकडून काम करून घेण्यात त्याला खरोखर रस वाटत असेल, शनिवारी घरी आल्यावर तो पगाराच्या आधी त्या पोरांच्या गोष्टी सांगत असेल, तर साइन ऑन करण्याचा विचार जरूर करावा. तरीही घाई नको. पदवी घेऊनही सैन्यात जाता येतं, आणि पदवीधराला सुरुवातच वरच्या पायरीवरून मिळते. विद्यापीठातली राखून ठेवलेली जागा मात्र कायमची राखलेली नसते. शिवाय सैन्याच्या शिष्यवृत्त्या आहेत, शिकत शिकत पगारी होण्याचे मार्ग आहेत. हे सगळं भरती केंद्रावर जाऊन नीट विचारावं, आणि रविवारी रात्री बुक-इनच्या आधी चिडलेल्या डोक्याने नव्हे.

घरात काय करता येईल? माझ्या मते बरंच. सरकारने त्याचा जो कर घेतला, तो सगळा घर परत करू शकत नाही, पण वाटून घेऊ शकतं. एक म्हणजे त्या भत्त्यातून घरखर्चाला काही मागू नका. मागत नसालच, पण ‘तुझ्या भत्त्यातून मोबाइलचं बिल भर, शिस्त लागेल’ असलंही काही नको. दुसरं, बहीण आणि तो एकाच वर्षी विद्यापीठात जातायत, तर फी, लॅपटॉप, परदेशी सत्र या बाबतीत तो ‘मोठा’ म्हणून त्याने कमी घ्यावं अशी अपेक्षा ठेवू नका. दोन वर्षं त्याने आधीच दिलीत. तिसरं, जमत असेल तर या दोन वर्षांत त्याच्या सीपीएफमध्ये थोडी रक्कम तुम्ही स्वतः भरा. खैरात म्हणून नको, आणि गाजावाजाही नको. बापाने फक्त एवढं म्हणावं की तुझ्या वाट्याचं जे राहिलं, त्यातला थोडा आमचा वाटा. रकमेपेक्षा हे वाक्य त्यांच्या तोंडून येणं महत्त्वाचं आहे.

बहिणीलाही ‘बॅचमेट’ थोडे दिवस आवरतं घ्यायला सांगा. तिचा काही दोष नाही, पण ज्या जागी दुखतंय नेमकं तिथेच ती टपली मारतेय.

यजमानांसाठी आणखी एक माहिती. मुलगा राखीव दलात गेला की आई-वडिलांना, प्रत्येकी, एनएसमन (राखीव सैनिक) पेरेंट रिलीफ म्हणून 750 डॉलरची करसवलत मिळते. मुलाने चिखलात काढलेल्या रात्रींसाठी सवलत तुमच्या करपात्र उत्पन्नावर. ती मिळेल तेव्हा ‘देशसेवेचे पैसे मोजायचे नसतात’ म्हणून यजमान सोडून देणार असतील, तर मग त्यांचं म्हणणं मी पुन्हा एकदा गंभीरपणे ऐकेन.

मुलाची जी तक्रार खरी आहे, ती सार्जंटकडून काढून योग्य पत्त्यावर पाठवायला त्याला मदत करा. 2013 मध्ये सरकारने राष्ट्रीय सेवा बळकट करण्यासाठी समिती नेमली होती, तेव्हा सेवेतल्या मुलांची, पालकांची, मालकांची मतं मागवली होती. भत्ते त्यानंतर अनेकदा वाढले. तुमच्या भागातल्या खासदाराला आठवड्याच्या भेटीच्या दिवशी गाठता येतं. सक्तीच्या सेवेच्या काळातही सीपीएफ का नसावं, हा प्रश्न त्याने ओआरडीनंतर मुद्देसूद लिहून द्यावा. मुलगा चांगला वाद घालतो हे तुमच्या पत्रावरून दिसतंच आहे.

नोकरीच्या वेळी एक लक्षात ठेवायला सांगा. सरकारी नोकरीत एनएसची दोन वर्षं सुरुवातीच्या पगारात धरली जातात. खासगीत तसं बंधन नाही, तिथे मागावं लागतं. विसाव्या वर्षी हाताखालच्या पोरांना सांभाळलं, त्यांच्याकडून काम करून घेतलं, याला तिथे किंमत आहे, पण मुलाखतीत ती आपणहून कोणी देत नाही. इथे मात्र त्याने बिनधास्त मोजावं.

आणि एवढं सगळं बोलूनही त्याने साइन ऑन करायचंच ठरवलं, तर अडवू नका. फक्त सही करण्याआधी किमान किती वर्षं राहावं लागेल, मधेच सोडलं तर काय भरावं लागेल, आणि विद्यापीठाचं शिक्षण कधी व कोणाच्या खर्चाने होईल, या तिन्हींची उत्तरं लेखी घ्यायला सांगा. तो कागद यजमानांनी त्याच्याबरोबर बसून वाचावा, ताटावरून न उठता.